दाणा आधी, ब्रँड मागाहून

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत ठासणीच्या बंदुकांवर पानभर लेख आला, याचे बरे वाटले. पण 'सर्वांत चांगली काळी दारू कोणती' या चौकटीत स्विस पहिली, गोएक्स दुसरी, शुट्झेन तिसरी अशी क्रमवारी लावून लेखक मोकळे झाले आहेत. त्याखालच्या मापांच्या तक्त्यात तर एक धोक्याची चूक आहे, ती शेवटी सांगतो. म्हणून हे पत्र. (दारू म्हणजे बंदुकीत भरायची, मुंबईतल्या दारूखान्याच्या नावात आहे ती. ठाणे शहरात हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याचा चेहरा वेगळाच होतो, म्हणून सांगितले.)

ब्रँडआधी दाणा पाहावा लागतो. डब्यावर इंग्रजी 'एफ' अक्षरे असतात. एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक. बारीक दाण्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे ते झपाट्याने जळतात आणि नळीतला दाब लवकर चढतो. .४५च्या (नळीच्या भोकाचा व्यास, इंचात) आतल्या रायफलीला आणि पिस्तुलाला तीन एफ, .५०च्या पुढे आणि मोठ्या तोंडाच्या गुळगुळीत नळीला दोन एफ, तोफेला एक एफ. चार एफ फक्त चकमकीच्या बंदुकीच्या कानात (जिथून नळीतला बार पेटतो) रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, म्हणून चिमूटभर घालायची. तिने बार भरायचा नाही. .७५च्या जुन्या नळीत 'चांगल्या ब्रँडची' तीन एफ भरली, तर ब्रँड कितीही नामांकित असो, नळीला नको तेवढा दाब सोसावा लागतो.

आता ब्रँड. स्विस दारू स्वित्झर्लंडमधल्या ओबोन इथे तयार होते. तिच्यासाठी आल्डर बकथॉर्न नावाच्या झुडपाचा कोळसा वापरतात. दाणा घट्ट आणि एकसारखा, जळण वेगवान, राख मऊ. ती उत्तमच आहे, पण गोएक्ससाठी बसवलेल्या मापात तशीच ओतली तर बार कडक होतो. दारू बदलताना माप १० ते १५ टक्क्यांनी खाली आणावे आणि मग ५-५ ग्रेनने वर जावे (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). नवीन .५० रायफलीला सुरुवात ५० ग्रेनपासून करतात. वरची मर्यादा बंदुकीचा कारखाना सांगेल तीच. शंभर वर्षांच्या नळीला अशी मर्यादा सांगणारे कोणी उरलेले नसते. ती नळी आधी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी.

गोएक्सचे मूळ अमेरिकेतल्या ड्युपाँटच्या दारू कारखान्यात आहे. २०२१मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि २०२२मध्ये छोट्या रॉकेटांसाठी प्रसिद्ध असलेल्या एस्टेस कंपनीने ती विकत घेतली. त्यामुळे जुना डबा आणि नवा डबा एकच माल समजू नये, माप पुन्हा बसवावे. शुट्झेन नावाने विकली जाते ती जर्मनीची वानो. नेमबाजीच्या सरावाला ती पुरेशी आहे. आमच्या मते गुळगुळीत नळीच्या साध्या बंदुकीला स्विसच्या वेगाची गरजही नसते. तिथे एकाच लॉटचे डबे मिळणे जास्त मोलाचे.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही, ती गोष्ट म्हणजे आपल्याकडची हवा. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राख आणि क्षार म्हणून उरतो, आणि हे क्षार हवेतले पाणी ओढतात. जुलैत नळीतली घाण तासाभरात चिकट होते, खाली ओघळते आणि कानाचे किंवा निपलचे (टोपीच्या बंदुकीत टोपी बसते त्या बोंडाचे) भोक बुजवते. मग बार पेटवणारी टोपी फुटते, पण बार उडत नाही. मार्चच्या कोरड्या दुपारी उलटे होते. घाण कडक बसते आणि तिसरी-चौथी गोळी अर्ध्या नळीत अडकते. गोळी दारूवर न टेकता वर राहिली आणि तसाच बार काढला, तर नळी तिथे फुगते किंवा फाटते. म्हणून ठासायच्या गजावर दोन खुणा कोराव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक ठरलेल्या मापाच्या भरलेल्या बाराची. दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आली नाही, तर घोडा चढवायचा नाही. गोळीभोवतीच्या कापडाच्या चकतीला मधमाश्यांचे मेण आणि चरबी यांचे वंगण लावावे. खनिज तेल काळ्या दारूबरोबर जळले की डांबरासारखा थर धरते. तोच प्रश्न सफाईनंतर येतो. गरम पाणी आणि थोड्या साबणाने नळी त्याच दिवशी धुवावी, चिंधी पांढरी येईपर्यंत फिरवावी, कोरडी करून शिलाई मशीनचे तेल लावावे. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंधी घालून पाहावी. तांबूस आली तर गंज धरला आहे. मशीनचे तेलही खनिजच, म्हणून पुढच्या वेळी भरण्याआधी ते पुसून रिकाम्या नळीवर एक-दोन टोप्या उडवाव्यात.

बार उडला नाही, तर नळी निशाणाकडेच धरून किमान एक मिनिट थांबावे. डब्यातून थेट नळीत दारू कधीही ओतू नये. आत ठिणगी शिल्लक असली, तर हातातला अख्खा डबा पेटतो. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ३० मिनिटांत १३ बार काढतात आणि त्यातले उत्तम १० धरतात. तिथेही प्रत्येक बाराची दारू छोट्या कुप्यांत वेगवेगळी मोजून आणावी लागते.

परदेशी डबे इथे सहज मिळत नाहीत. स्फोटकांच्या आयातीला परवाना लागतो, आणि विमानाच्या सामानात ही दारू चालत नाही. मुरबाड-शहापूरकडच्या परवानाधारकाला परवानाधारक दुकानात मिळेल ती घ्यावी लागते. त्याला क्रमवारीपेक्षा तपासणी कामाची. चमचाभर दारू पांढऱ्या कागदावर हळू ओतून कागद तिरका करावा. दाणे घरंगळून गेले आणि कागद जवळपास स्वच्छ राहिला, तर माल ठीक. मागे काळी धूळ राहिली, तर दाणा चुरला आहे. अशी दारू प्रत्येक बाराला वेगळी वागते. गोळे झाले असतील, तर दारूला पाणी लागले आहे. ते फोडत बसू नयेत. भरपूर पाण्यात भिजवले की सोरा विरघळून जातो. उरलेला गाळ मात्र वाळू देऊ नये, तो पेट घेतो.

शिवजयंतीला किंवा जत्रेत सलामीच्या बारासाठी काही जण फटाक्यांतली दारू काढून भरतात. हे फार वाईट आहे. आवाजाच्या फटाक्यात धातूची भुकटी असते, ती घासण्यानेही पेटते. म्हणजे गजाने ठासतानाच हात जाऊ शकतो. बिनधुराची, म्हणजे आजच्या काडतुसांतली, दारू तर ठासणीच्या नळीत कधीच नाही. तीही काळपट दिसते, त्यामुळे लेबल नसलेल्या डब्यातले काहीही वापरू नये. आणि आजोबांची बंदूक भिंतीवर टांगली आहे म्हणून ती शोभेची होत नाही. ती चालणारी असेल, तर शस्त्र अधिनियम, १९५९प्रमाणे परवाना हवा. ठाणे आणि नवी मुंबईच्या हद्दीत तो पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून.

शेवटी तो तक्ता. पायरोडेक्स हा काळ्या दारूचा पर्याय वजनाने हलका आहे. तो काळ्या दारूच्या मापानेच, म्हणजे आकारमानाने भरायचा असतो. १०० ग्रेनच्या मापात भरलेला पायरोडेक्स तराजूवर सुमारे ७० ते ७५ ग्रेनच भरतो. आपल्या तक्त्यात मात्र त्याचे आकडे काळ्या दारूइतकेच, तेही ग्रॅममध्ये दिले आहेत. कोणी ते पाहून तराजूवर तोलले, तर जवळपास ४० टक्के जास्त बार भरला जाईल. शिवाय त्याला पेटायला जास्त उष्णता लागते. त्यामुळे चकमकीच्या बंदुकीसमोर त्याचे नाव छापणेच चूक आहे. पुरवणीची कात्रणे लोक कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवतात. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपले,
दोन वाचक, नौपाडा, ठाणे