काय अडते ते लिहून घे

पुणे,
१२ जुलै

प्रिय नंदन,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने 'प्रमाणपत्र अपुरे' एवढा शेरा मारून परीक्षेतील सवलतींसाठीचा तुझा अर्ज परत केला, हे वाचून मला माझे एम. ए.चे पहिले वर्ष आठवले. माझ्याजवळही तेव्हा मनोविकारतज्ज्ञांचे दोन ओळींचेच पत्र होते: हा विद्यार्थी बायपोलर डिसऑर्डरसाठी माझ्याकडे उपचार घेत आहे, त्याला सहकार्य करावे. त्यात खोटे काही नव्हते, परंतु ते वाचून नेमके काय द्यायचे हे कोणत्याही लिपिकाला ठरवता आले नसते. तुझ्या डॉक्टरांचे पत्र अगदी तसेच आहे.

म्हणून त्यांच्याकडे पुन्हा जा आणि पेपरच्या तीन तासांत तुझे काय अडते, ते लिहून माग. माझ्या दुसऱ्या पत्रात लिहिले होते की लिथियममुळे हाताला बारीक कंप असतो आणि लिहिण्याचा वेग कमी पडतो, म्हणून जादा वेळ द्यावा. त्याच औषधाने तहान लागते व वारंवार लघवीला जावे लागते, म्हणून दाराजवळची जागा आणि बाहेर जाण्याची परवानगी असावी. प्रत्येक अडचणीपुढे तिची सवलत होती. ते पत्र एका फेरीत मंजूर झाले. तुझी अडचण निराळी आहे. प्रश्न तीन-तीनदा वाचावा लागतो आणि भरलेल्या वर्गात छाती धडधडू लागली की दहा-पंधरा मिनिटे वाया जातात, असे तू मला लिहिलेस. पण डॉक्टरांना हे सांगितलेस का? मला शंका आहे, कारण ओपीडीतल्या गर्दीत आपण 'झोप बरी आहे, गोळ्या चालू आहेत' एवढे सांगून उठतो. मागच्या दोन परीक्षांत काय घडले ते घरी बसून कागदावर उतरव आणि तो कागदच त्यांच्यापुढे ठेव.

दिव्यांगत्वाच्या टक्केवारीची तुला फार धास्ती वाटते आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार हा त्यांतला एक आहे. उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांसारख्या लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. वाजवी सोय मागण्याच्या हक्काला ती अट नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देण्याचा आदेश देताना, ही सोय ४० टक्केवाल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही असे स्पष्ट केले. अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर कर.

तरीही तू युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र, काढावेस असे माझे मत आहे. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या सूचनांप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या आणि लेखनिक न घेणाऱ्या उमेदवाराला तीन तासांच्या पेपरसाठी किमान एक तास जादा देता येत असे. त्या सूचनांतला लेखनिकासाठीच्या प्रमाणपत्राचा नमुना मात्र लिहिण्यातील शारीरिक मर्यादा विचारत असे; मन गोठते तेव्हा हातही थांबतो, हे त्या नमुन्यात कुठेच बसत नव्हते, आणि याचा मला अजूनही राग येतो.

दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे मानसिक आजार 'आयडियाज' या मोजपट्टीने मोजतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम, अशा चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात; आजार किती वर्षांचा आहे त्याचे १ ते ४ गुण त्यांत मिळवतात. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्क्यांची रेघ गाठली जाते. जुने कागद लागतात ते यासाठी. पहिल्या भेटीची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, सगळे तारखेप्रमाणे लावून ने.

आणि वडिलांना बरोबर ने. मी गेलो त्या दिवशी मी बरा होतो. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर. डॉक्टर सगळीकडे शून्य लिहीत चालले होते. तेव्हा आईने हळू आवाजात सांगितले की मागच्या पावसाळ्यात याने तीन आठवडे अंघोळ केली नव्हती आणि मी याला भरवत होते. माझ्यासमोर ते बोलताना तिला किती जड गेले, हे मला दिसत होते. पण ती बोलली नसती, तर तो काळ कागदावर आलाच नसता. आजार येतो-जातो, बोर्ड मात्र एकच दिवस पाहते.

हे सर्वांना कळेल, ही वडिलांची भीती मी समजू शकतो. कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो, हे त्यांच्यापासून लपवू नकोस. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझ्या उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क तुला दिला आहे. विद्यापीठासाठीच्या पत्रात घरातली भांडणे, जुना प्रसंग, यांतले काही नको, असे डॉक्टरांना स्पष्ट सांग. त्या रात्रीचा उल्लेख तर मुळीच नको.

नवा अर्ज परीक्षेच्या आधी दोन महिने दे आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत जपून ठेव. बोर्डाची तारीख ठरली की लगेच कळव. वडिलांचे मन त्या दिवसापर्यंत वळले नाही, तर मी आदल्या रात्रीच्या गाडीने येईन आणि काकूंना घेऊन आपण तिघे जाऊ.

तुझा,
श्रीधर