सॅनिटायझर लावणे म्हणजे हात धुणे नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला घरातल्या जंतूंवरचा लेख काल दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, माझंच काहीतरी वाचायचं राहिलं. पाऊण पान फरशी, टाइल्स, दाराच्या कड्या आणि कोणतं फिनाइल चांगलं यावर गेलंय. हातांवर मोजून एक वाक्य आहे आणि नेमकं तेच चुकीचं आहे. पाणी वाचवायचं असेल तर साबणाऐवजी सॅनिटायझर लावा, काम तेच होतं, असं त्यात म्हटलंय. काम तेच होत नाही. गेल्या श्रावणात माझ्या घरानं हे सोसलंय, म्हणून हे पत्र.

धाकटा नातू शाळेतून आला तो उलट्या करतच. रात्री जुलाब सुरू झाले. सूनबाईनं रात्रभर त्याचं सगळं केलं. चादरी बदलल्या, उलटी पुसली आणि दर वेळी हाताला सॅनिटायझर चोळलं. कोरोनापासून आमच्या प्रत्येक खोलीत एक बाटली असते. तिसऱ्या दिवशी ती स्वतः आडवी झाली, मग मुलगा, मग मी. शेवटी आमच्या ह्यांना लागण झाली. वय ७४, त्यात मधुमेह. दोन दिवस सलाइन लावावं लागलं. ओठ सुकून पांढरे पडलेले, हाक मारली तर नुसतं हूं म्हणायचे. ते दोन दिवस मी कसे काढले ते मला माहीत.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, हात कशानं धुताय घरात?" मी बाटलीकडे बोट दाखवलं. मग त्यांनी बसून समजावून सांगितलं. कोरोनाच्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं. ते अल्कोहोलनं फुटतं, साबणानंही फुटतं. उलट्या-जुलाबाचे नोरोसारखे जे विषाणू आहेत त्यांना असं आवरणच नसतं, त्यामुळं अल्कोहोल त्यांचं फारसं काही बिघडवू शकत नाही. साबणाचा फेस त्यांना कातडीवरून सोडवतो आणि वाहतं पाणी त्यांना घेऊन जातं. बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, अंगठ्याभोवती निदान वीस सेकंद चोळायचं. उलटी पुसलेल्या जागी ब्लीचिंग पावडरचं पाणी वापरायचं, पण ते संडासाच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. आणि माणूस उठून हिंडायला लागला तरी त्याच्या शौचातून विषाणू पुढं बरेच दिवस पडत राहतो, म्हणून उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान दोन दिवस त्यानं स्वयंपाकाला हात लावू नये. आमच्याकडे सूनबाई बरं वाटल्याच्या दुसऱ्या सकाळी हातानं कोशिंबीर कालवत होती. बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं. यातलं एक वाक्य तरी तुमच्या त्या पानावर बसलं नसतं का?

निघताना डॉक्टर बेसिनपाशी थांबले. तिथं खिळ्याला एक टॉवेल होता. घरातल्या सगळ्यांत मिळून एक. त्यालाच हात पुसायचे, त्यालाच तोंड, नातवाचं तोंडही त्यालाच. पावसाळ्यात तो दिवसभर ओलाच असायचा. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघितले. मी राजारामपुरीत २२ वर्षं पोरांची खानावळ चालवली आहे. तिथं भांडी पुसायचं फडकं वेगळं, कट्टा पुसायचं वेगळं, रोज रात्री दोन्ही सोडा घालून उकळायची आणि सकाळी उन्हात टाकायची, हा माझा नेम कधी चुकला नाही. परक्यांच्या पोरांना माझ्या हातून काही होऊ नये, एवढंच डोक्यात असायचं. आणि स्वतःच्या घरातला टॉवेल मला दिसला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. आता प्रत्येकाचा पंचा वेगळा आहे आणि आजारी माणसाचा दुसऱ्या खोलीत वाळतो.

लेखात स्वयंपाकघर म्हणजे फक्त चकचकीत कट्टा. आपल्या कोल्हापुरात रविवारी घरोघरी काय शिजतं हे लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असं नाही. कोंबडी नळाखाली धुतात, त्याचे शिंतोडे शेजारी पालथ्या घातलेल्या ताटांवर उडतात. मटणाच्या हातानंच मिठाचा डबा उघडतात. ज्या पाटावर तुकडे केले त्याच पाटावर कांदा चिरतात. रस्सा रटारटा उकळतो, त्यात जंतू टिकत नाहीत. कांदा-लिंबू मात्र कच्चंच ताटात येतं. पाण्याचंही तेच. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, तेव्हा आमच्या गल्लीतही पाणी उकळायला सुरुवात झाली. पण उकळलेलं पाणी माठात ओतायचं आणि बोटांसकट तांब्या त्यात बुडवायचा, मग गॅस जाळून काय मिळवलं? जुन्या घरांत लांब दांड्याचं ओगराळं माठावर असायचं ते याचसाठी. आता तोटीचा माठ मिळतो, तो घ्यावा.

पाणी वाचवण्याचं कारणही मला पटलेलं नाही. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. टँकरच्या दोन घागरी घरात यायच्या. तरी जेवणाआधी एकानं तांब्या धरायचा, दुसऱ्यानं हात धुवायचे. एका तांब्यात दोघांचे हात साबणानं स्वच्छ होतात. तेवढं पाणी माणसाला मिळायलाच हवं.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. गेल्या महिन्यात एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते. शेकडो माणसं हातानं जेवणार आणि बेसिनवर साबणाची वडीसुद्धा नाही. एका बाटलीत फेस न येणारं निळं पाणी आणि शेजारी सगळ्यांना मिळून एक नॅपकिन. व्यवस्थापकांना सांगितलं तर म्हणाले, "मावशी, कुणी धूतच नाही ओ." हॉलचं भाडं घेताना ते साबणाचा हिशेब धरत नसतील, तर लग्नघरच्या मंडळींनी तो मागून घ्यावा. निदान दहा वड्या आणि कागदी रुमाल.

संपादक महोदय, आमच्या गल्लीतल्या बायका पुरवणीतली अशी पानं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात आणि वर्षानुवर्षं त्याप्रमाणं वागतात. त्या पानावर खाली फिनाइलची मोठी जाहिरात होती, तिला जागा होती. तेव्हा ते सॅनिटायझरचं वाक्य चुकीचं होतं, असं येत्या रविवारी त्याच पानावर, ठळक अक्षरात छापावं. उशीर झाला तर जुनं पान दारावर चिकटलेलं असेल.

आपली,
एक जुनी वाचक आणि माजी खानावळवाली,
मंगळवार पेठ, कोल्हापूर