राणीच्या बागेत कैलासपतीखाली भेटलेल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं उघड लिहिते आहे. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास, भायखळ्याच्या राणीच्या बागेत तुम्ही कैलासपतीच्या झाडाखाली खराट्याने पाला ओढत होतात. शेजारच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. काका मान खाली घालून, आणि बाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून. ती बाई मी. तुमच्या बागेत रोज केवढी माणसं येतात, तुम्हाला आम्ही आठवत असू की नाही कोण जाणे. आमच्या घरात मात्र ‘बागेतल्या ताई’ हे नाव दिवसातून एकदा तरी निघतंच.

आमच्या यांच्या डोळ्यांना काय झालंय ते त्या दिवशी तुम्हाला धड सांगताही आलं नाही. डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग, ज्याने आपण बारीक बघतो, तो वयोमानाने खराब होतो. माणूस पूर्ण आंधळा होत नाही, कडेचं दिसत राहतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसून जातं. दारात कुणी उभं राहिलं तर यांना खांदे दिसतात, चपला दिसतात, चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. यांनी पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. एक वेलांटी चुकली तर लांबून हेरणारा माणूस. उजवा डोळा आधी गेला आणि आम्हाला बरेच महिने पत्ताच नाही, कारण डावा सगळं सांभाळून घेत होता. डाव्यालाही न्हाणीघरातल्या फरशांच्या रेघा वाकड्या दिसायला लागल्या तेव्हा दवाखाना गाठला. डाव्या डोळ्यात इंजेक्शनं झाली, त्यामुळे आहे तेवढी नजर टिकली. उजव्याला उशीर झाला होता.

तेव्हापासून हे घराबाहेर पडेनात. समोरून ओळखीचं कुणी आलं आणि आपण बघून न बघितल्यासारखं केलं तर काय वाटेल त्याला, ही एकच धास्ती. राणीच्या बागेचा हट्ट माझा होता. आमचं लग्न 1987 सालचं. करी रोडला दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, तेव्हा नव्या नवरा-बायकोने दोन शब्द बोलायला जायचं कुठे? राणीची बाग. तिथल्या गोरखचिंचेच्या त्या अवाढव्य बुंध्याला टेकून यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. म्हटलं, यांना आणखी कमी दिसायला लागायच्या आत एकदा तिथे जाऊन येऊ. डोंबिवलीहून गाडी पकडली, भायखळ्याला पूर्वेला उतरून हात धरून चालत आलो.

फाटकातून आत शिरल्यावर पहिला अर्धा तास छान गेला. डाव्या हाताला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. तो केवढा आहे, किती काळवंडलाय, हे मी सांगत होते आणि हे मान डोलावत होते. मग वाघापाशी आलो. 2020 मध्ये संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी इथे आणली, तेव्हा हे पेपर वाचू शकत होते. ती बातमी यांनीच मला वाचून दाखवली होती. आता काचेसमोर ही गर्दी, कुठल्याशा शाळेची सहल आलेली. वाघ काचेपासून दहा-बारा पावलांवर सावलीत पसरला होता. हे डोळे ताणून सरळ समोर बघत राहिले. शेजारचा एक मुलगा अगदी मायेने म्हणाला, “आजोबा, तो काय, समोरच तर आहे!” हे म्हणाले, “हो हो, दिसला.” मला आवाजावरूनच कळलं. गर्दीतून बाहेर आलो, पुढची पायरी यांना समजली नाही, पाय मुडपला आणि मी सावरलं. मग त्या बाकावर बसून हे एवढंच म्हणाले, “चल घरी. माझ्यासाठी आता बाग काय आणि भिंत काय.”

ते तुम्ही ऐकलंत. कुणी ऐकलं तरी तोंड फिरवून पुढे जातं, त्यात त्यांची चूकही नसते. तुम्ही खराटा झाडाला टेकवलात, खाली पडलेलं एक कैलासपतीचं फूल उचललंत, पदराला पुसलंत आणि काही न विचारता यांच्या तळहातावर ठेवलंत. “काका, बघू नका. हात लावा.”

ते फूल मी आजवर शंभर वेळा पाहिलं असेन, पण असं कधी पाहिलं नव्हतं. यांनी बोटाने एकेक भाग चाचपला. जाड, मांसल पाकळ्या. मधोमध पिंडीसारखा तो लहानसा उंचवटा. त्याच्यावर वाकलेला नागाचा फणा आणि त्याच्या आतले दाट तंतू, बोट फिरवलं की मऊ ब्रशसारखे लागणारे. आणि तो वास, गोड, जड, नाकातून जाता जात नाही असा. मग तुम्ही यांचा हात धरून बुंध्याशी नेलंत आणि खोडातूनच फुटलेल्या फांद्यांना लटकलेलं एक फळ हाताला लावून दिलंत. “हे तोफेच्या गोळ्याएवढं. डोक्यात पडलं तर कपाळमोक्ष, म्हणून खाली बसायचं नाही.” कितीतरी दिवसांनी हे मोकळे हसले, ताई.

आणि मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. गावी तुमच्या आईलाही असंच झालं होतं. तिला कुणी इंजेक्शन दिलं नाही की चष्मा दिला नाही. पण ती चुलीवरची भाकरी करपू देत नसे. कशी? “सरळ बघायचीच नाही, काका. कोंबडी बघते ना, मान वाकडी करून एका डोळ्याने, तशी बघायची. भाकरीकडे बघायचं असलं की भिंतीकडे तोंड करायची.”

डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू. नजर थोडी बाजूला ठेवा, कडेने बघायची सवय करा. पण दवाखान्यातल्या खुर्चीवर ऐकलेलं ते कानावरून गेलं. तुमच्या आईची भाकरी यांच्या मनात उतरली. तुम्ही आम्हाला पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्याच्या वाटेपर्यंत सोडलंत आणि म्हणालात, “आत जाऊन पाखरं तुमच्याकडे कशी बघतात ते मावशींना विचारा.” तेवढ्यात तुम्हाला कुणी हाक मारली आणि तुम्ही गेलात.

आत माणसं चालतात आणि पक्षी मोकळे असतात. एक उंच पाय असलेला पांढरा पक्षी कठड्यावर आमच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसला. त्याने आधी एका बाजूने मान वळवली, मग दुसऱ्या. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे नीट बघायचं तर त्याला तोंड फिरवावंच लागतं. मी यांना ते सांगितलं. यांनीही मान वळवली. दोघं जण एकमेकांकडे तिरके बघत कितीतरी वेळ उभे.

मग आम्ही पेंग्विनकडे गेलो. 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, 2017 मध्ये ते लोकांना बघायला मिळाले तेव्हा सगळी मुंबई तिकडे लोटली होती, आम्ही काही गेलो नव्हतो. ही पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची जात. छातीवर काळा पट्टा, चोचीच्या मुळाशी गुलाबी डाग. आत अंधार, पाण्यावर उजेड. हे काचेपुढे उभे राहिले आणि मुद्दाम बाजूच्या भिंतीकडे बघायला लागले. मी श्वास रोखून बाजूला. आणि यांनी माझं मनगट करकचून दाबलं. “गेला! अगं, काळं-पांढरं सुळकन गेलं! परत आला बघ!” हलणारं काही असलं की कडेची नजर ते चटकन पकडते, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी समजावलं. त्या क्षणी एवढंच कळलं की यांना दिसतंय. वीस मिनिटं आम्ही तिथून हललो नाही.

परतताना तुम्हाला शोधलं. कैलासपतीखाली पाल्याचा ढीग नीट रचलेला होता, तुम्ही नव्हतात. फाटकावर विचारलं, पण नाव माहीत नाही तर विचारणार तरी कसं?

आता घरी मी समोर बसले की हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात. अनोळखी माणसाला वाटेल, बायकोकडे दुर्लक्ष करतायत. पण तसं बघितलं की कडेने यांना मी दिसते. परवा कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “कुंकू जरा डावीकडे गेलंय.” मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

ताई, एक विनंती आहे आणि ती मनापासून आहे. हा आजार घराण्यात असला की पुढच्या पिढीला होण्याचा धोका जास्त असतो. तुमच्या आईला होता. तुम्ही पन्नाशीच्या आसपास असाल. एकेक डोळा हाताने झाकून घरातल्या खिडकीच्या गजांकडे बघत जा, आठवड्यातून एकदा तरी. दोन्ही डोळे उघडे ठेवून कळत नाही, आम्हाला तिथेच फसायला झालं. एखादा गज वाकडा दिसला, मध्येच तुटल्यासारखा वाटला, तर पगाराच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जे. जे. रुग्णालय तुमच्या बागेपासून लांब नाही, तिथे नेत्रविभाग आहे. सोबत हवी असेल तर मी डोंबिवलीहून येईन.

बुधवारी बाग बंद असते, म्हणून पुढच्या मंगळवारी आम्ही दोघं पुन्हा येतोय. यांना या वेळी वाघ बघायचाय. बाराच्या सुमाराला त्याच बाकावर असू. तुमच्यासाठी तिळाच्या वड्या आणते आहे, आणि गजांचं काय झालं ते मी विचारणार आहे.

तुमची,
बाकावरची मावशी