ग्लेन फ्रँक सर, त्या वीस मिनिटांसाठी थँक्यू

फ्रँक सर,

तुम्ही १९९३ साली गेलात, म्हणजे हे पत्र तुमच्या हातात पडणार नाहीये हे मला कळतं, तरी सगळ्यांसमोर लिहितेय कारण ४ मे आला की ओहायोतल्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीत १९७० च्या गोळीबारात जे गेले त्यांची नावं घेतात, ती घ्यायलाच हवीत, पण त्या दुपारी जी शेकडो पोरं धडधाकट घरी गेली ती कुणामुळे गेली हे आपल्या मराठी लोकांत तर फारच कमी जणांना माहितीये. लोकांना तो फोटो आठवतो, जमिनीवर पालथा पडलेला मुलगा आणि शेजारी गुडघ्यावर बसून आक्रोश करणारी मुलगी, बास. फोटोनंतर काय झालं ते कोणी विचारत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. ३० एप्रिल १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सननी टीव्हीवर सांगितलं की अमेरिकन फौज कंबोडियात घुसतेय. व्हिएतनामचं युद्ध आवरतं घेणार म्हणून निवडून आलेला माणूस, आणि युद्ध शेजारच्या देशात नेतोय, पोरं भडकली. २ मेला केंटच्या कॅम्पसवरची आरओटीसीची (कॉलेजातच लष्करी अधिकारी घडवणाऱ्या कोर्सची) बिल्डिंग जळली, ओहायो नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, आले, आणि सोमवारी ४ तारखेला कॉमन्सच्या मैदानावर सभेला बंदी असताना पोरं जमलीच. गार्डनी अश्रुधूर सोडला, पोरांना टेकडीवरून पलीकडे रेटलं, मग स्वतः परत टेकडीवर चढले आणि १२ वाजून २४ मिनिटांनी वळून गोळ्या झाडल्या. १३ सेकंदांत ६७. अॅलिसन क्राउज, जेफ्री मिलर, सँड्रा शॉयर, विल्यम श्रोडर गेले, नऊ जखमी, त्यातला डीन केलर कमरेखाली कायमचा लुळा झाला. चौघांतला गार्डच्या सगळ्यात जवळ होता जेफ्री, तोही २६५ फुटांवर! सँड्रा तर क्लासला चालली होती हो. आणि श्रोडर स्वतः आरओटीसीचा विद्यार्थी, म्हणजे उद्या आर्मीत जाणारा.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं तुमचं.

गोळीबारानंतर गार्ड परत कॉमन्सवर गेले आणि पोरं उतारावर जमून बसली, हलेचनात. डोळ्यांसमोर मित्र पडलेत, आता काय व्हायचं ते होऊ दे अशा अवस्थेत विशीतली मुलं, आणि समोर भरलेल्या रायफली. तुम्ही भूगर्भशास्त्राचे प्रोफेसर, त्या दिवशी फॅकल्टी मार्शल, म्हणजे शांतता राखायला पुढे आलेल्या प्राध्यापकांपैकी एक, म्हणून मधे उभे राहिलेले. आधी तुम्ही आणि तुमचे सहकारी गार्डच्या अधिकाऱ्यांकडे गेलात, पोरांवर जाऊ नका म्हणून विनवलंत, ते ऐकेनात. मग पोरांकडे वळलात. त्याचं रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून ऐकलंय, एकदा ऐकून परत ऐकायची हिंमत व्हायला वेळ लागला. तुम्ही म्हणताय की आयुष्यात कधी कुणाचं ऐकलं नसेल तरी चालेल पण आत्ता मी भीक मागतोय, इथून गेला नाहीत तर ते चालून येतील आणि कत्तल होईल. आवाज पार फाटलाय तुमचा. युद्ध बरोबर की चूक, गार्ड बरोबर की पोरं, यातलं काहीही नाही, फक्त उठा आणि जा.

वीस मिनिटं लागली. आणि ती उठली.

मला याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं, कारण आपल्याकडे शौर्य म्हटलं की छाती पुढे काढून उभा राहिलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि इथे एक मास्तर आपल्याच विद्यार्थ्यांपुढे हात जोडल्यासारखा रडवेला होऊन उभा आहे, मान, पोझिशन, कसली म्हणून पर्वा नाही. तुमच्या बरोबरीनं धडपडणाऱ्यांत समाजशास्त्राचे जेरी लुइस सर होते, पुढच्या वर्षीपासून ४ मेची मेणबत्त्यांची फेरी त्यांच्यामुळेच सुरू झाली, म्हणून थँक्यूमधला थोडा वाटा त्यांचाही.

मी क्लीव्हलंडजवळ राहते, त्या फेरीला गेलेय. ३ मेच्या रात्री अकराला निघतात, कॅम्पसभर शांतपणे चालतात आणि मग जिथे चौघं पडली त्या पार्किंगमधल्या जागांवर आळीपाळीने उभे राहतात, थेट दुसऱ्या दिवशी दुपारी १२:२४ पर्यंत. त्या जागा आता दिव्यांच्या खांबांनी राखून ठेवल्यात, पण ते व्हायला १९९९ उजाडलं, तोवर तिथे बिनदिक्कत गाड्या लागायच्या! युनिव्हर्सिटीनं १९७५ नंतर स्मृतिदिनातून अंग काढून घेतलं होतं आणि पोरांनी तो चालवला. १९७७ मध्ये तर गोळीबार झालेल्या जागेच्या काही भागावर जिम बांधायला घेतली, विद्यार्थी तंबू ठोकून बसले, तरी बांधलीच. आता तिथे म्युझियम आहे, २०१६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जाही आहे, टेकडीवर ५८,१७५ डॅफोडिल्स लावलेत, व्हिएतनाममध्ये गेलेल्या अमेरिकनांच्या आकड्याइतके. (व्हिएतनामी लोकांसाठी फुलं लावायची तर किती टेकड्या लागतील हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, असो.) खुणांवर लोक छोटे दगड ठेवून जातात, ज्यू पद्धतीने, कारण चौघांतले तिघं ज्यू होते. दगडांचे तज्ज्ञ तुम्ही, मी ठेवला तो कुठला खडक होता ते तुम्हीच सांगू शकला असतात.

त्या उतारावरून उठून गेलेली पोरं आज सत्तरीच्या पुढची आजी-आजोबा असतील. त्यांच्या नातवंडांपैकी कुणी माझ्या ऑफिसात असेल, कुणी माझ्या मुलीच्या वर्गात, मला कधी कळणारही नाही. त्या सगळ्यांच्या वतीने, आणि ओहायोत घर केलेल्या एका मराठी बाईच्या वतीने, मनापासून आभार सर.

तुमची,
क्लीव्हलंडजवळ राहणारी एक आई