डावीला पाणी जास्त लागते

पुणे, ६ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी काल रात्री सुखरूप पोहोचले. खंडेनवमीला जिन्याखालच्या सोलरच्या बॅटऱ्यांची तपासणी केली, तेव्हा बाबांनी टॉर्च धरून वहीत आकडे उतरवले होते. पण सणाच्या गडबडीत त्यांचा अर्थ सांगायचा राहिला. फोनवर तो नीट सांगता येत नाही आणि फोन ठेवल्यावर तुम्हा दोघांच्या लक्षात वेगवेगळे राहते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी आईची माफी मागते. ऑगस्टमध्ये तू म्हणाली होतीस, की डाव्या बॅटरीला पाणी जास्त लागते आणि उजवीचा पाण्याची पातळी दाखवणारा तरंगता खुंट महिनोन्‌महिने जागचा हलत नाही. त्यावर मी "डावीचे झाकण सैल असेल" असे म्हणून विषय संपवला होता. खरे तर सगळे निदान तुझ्या त्या एका वाक्यात होते. डावीच्या सहाही सेलमध्ये ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाचा दाटपणा, १२३० ते १२४० च्या दरम्यान भरली, म्हणजे ती पूर्ण चार्ज आहे. उजवीचे पाच सेल ११५० ते ११६५ वर होते आणि धन टोकाकडून पाचव्या सेलमध्ये तो दाटपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा तरंग जेमतेम १०९० पर्यंत आला. त्या सेलमधले पाणी नळीत ओढल्यावर किंचित गढूळ, तपकिरी दिसत होते, हे बाबांच्याही लक्षात आले असेल.

एकाच दिवशी आणलेल्या, एकाच चार्जरवरच्या दोन बॅटऱ्यांत एवढा फरक पडण्याचे कारण गोठ्यात सापडले. आपल्या दोन्ही बॅटऱ्या एकीमागे एक जोडून २४ व्होल्ट होतात. गोठ्यातला दिवा आणि फवारणी पंपाचा चार्जर १२ व्होल्टचे असल्यामुळे बाबांनी त्यांची वायर एकट्या उजवीवरून घेतली आहे. युक्ती सोपी आहे आणि दिवाही छान लागतो. पण त्यामुळे रोज रात्री उजवी जास्त रिकामी होते. सकाळी पॅनेलकडून येणारा विद्युतप्रवाह मात्र दोघींतून सारखाच वाहतो. चार्जर फक्त दोघींची बेरीज पाहतो, त्यामुळे डावी भरून उतू जाते, तिच्यातले पाणी वायू होऊन उडते, आणि उजवी अर्धपोटी असतानाच चार्जर काम झाले असे समजतो. गेल्या पावसाळ्यापासून हे असेच चालले आहे. ती वायर मी सोडवून ठेवली आहे. येताना २४ चे १२ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर आणीन, मग दिवा दोघींवर मिळून चालेल.

शिसे-आम्लाची बॅटरी वापराने झिजतेच, पण अर्धवट भरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर त्याहून कितीतरी लवकर मरते. वीज काढली, की दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पातळ होते. लगेच चार्ज केले, तर तो थर विरघळून पुन्हा मूळ रूपात येतो. तसे झाले नाही तर त्याचे खडे मोठे व टणक होत जातात, आणि मग कितीही वीज दिली तरी ते हटत नाहीत. आषाढ-श्रावणात आपल्याकडे सलग आठ-दहा दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा हेच घडते. शिवाय जड आम्ल उंच सेलच्या तळाशी बसते आणि वर पातळ पाणी राहते, ते वेगळेच. मी उजवीला एकटीला दोन दिवस चार्जर लावून ठेवला होता. बाकीचे पाच सेल १२२० च्या पुढे आले, पाचवा मात्र ११०५ वर अडून बसला. तो गेला असे समजावे.

दुकानदाराने बाबांना एकच बॅटरी बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो मानू नये. सहा वर्षांच्या डावीसोबत नवी जोडली, तर दोघींची भूक वेगळी राहील आणि सध्याचीच गोष्ट नव्याने सुरू होईल. दोन्ही बदलायच्या.

नवी घेताना खोक्यावर १५० किंवा २०० अँपियर-अवर असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत सी-१० आहे की सी-२०, ते वाचावे. सी-१० चा अर्थ, २०० ची बॅटरी दहा तास सलग २० अँपियर देऊ शकते. सी-२० ची तीच क्षमता वीस तास १० अँपियर दराने मोजलेली असते. वीज जितकी वेगाने काढावी तितकी ती कमी मिळते, म्हणून आकडा सारखा असला तरी सी-१० वाली प्रत्यक्षात मोठी असते, आणि सोलरसाठी तीच मागावी. दुसरे म्हणजे, प्लेटा ट्युब्युलर असाव्यात. काकांच्या ट्रकची बॅटरी आपण हौसेने आणली होती आणि ती आठ महिन्यांत बसली, हे बाबा अजून त्या बॅटरीच्या नशिबावर ढकलतात. तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, कारण तिला काही सेकंद प्रचंड प्रवाह देऊन इंजिन सुरू करायचे असते. रोज रात्रभर रिकामे होणे तिच्या घडणीतच नाही. ट्युब्युलरमध्ये धन प्लेटेचा मसाला नळ्यांत घट्ट भरलेला असतो, त्यामुळे तो गळून तळाशी साचत नाही. आणि बनवल्याची तारीख पाहावी. दुकानात सहा महिने तशीच उभी राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेऊ नये.

आकाराचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला आहे. नऊ वॉटचे सहा दिवे पाच तास, म्हणजे २७० वॉट-अवर. २८ वॉटचे दोन पंखे दहा तास, ५६०. टीव्ही तीन तास, १८०. राउटर, मोबाइल आणि मिक्सर मिळून शंभरच्या आसपास. बेरीज ११०० च्या घरात जाते, आणि इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज धरून १३०० पर्यंत. ढगाळ हवेचे दोन दिवस निघावेत आणि बॅटरी अर्ध्याहून खाली जाऊ नये असे धरले, तर त्याच्या चौपट, म्हणजे ५२०० वॉट-अवर लागतात. सध्याच्या १५० अँपियर-अवरच्या दोन मिळून २४ व्होल्टने गुणून ३६०० होतात, म्हणजे दीड दिवससुद्धा पुरत नाही. २०० च्या दोन घेतल्या तर ४८०० होतात. टीव्हीवर थोडी काटकसर केली की भागते. पण बॅटरी मोठी आणि पॅनेल तेवढेच, असे करून चालणार नाही, कारण २०० च्या बॅटरीला साधारण २० अँपियरने चार्जिंग मिळायला हवे. म्हणून तिसरे पॅनेल घेऊ. आपला ४० अँपियरचा कंट्रोलर ते सहज पेलेल.

लिथियमचे धाकट्याने सुचवले होते. ती बॅटरी हलकी असते, पाणी मागत नाही आणि जास्त वर्षे टिकते, हे खरे आहे. पण आज एकरकमी पैसे बरेच जास्त पडतात, आणि ती बिघडली तर तालुक्याच्या ठिकाणी हात लावणारा कोणी नाही. या खेपेला शिसेच बरे.

आता देखभालीचे. पाणी फक्त डिस्टिल्ड घालावे. आपल्या विहिरीचे पाणी जांभ्यातून झिरपते, त्यात लोह असण्याचा संभव मोठा. आणि लोहामुळे बॅटरी न वापरताही आतल्या आत उतरते. पागोळीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी तेही नको. आम्ल तर कधीच घालू नये, कारण उडते ते फक्त पाणी. पाणी दुपारी, चार्जिंग संपत आल्यावर घालावे. सकाळी काठोकाठ भरले, तर दुपारी फुगून ते आम्लासकट बाहेर येते. बाबांच्या पंच्याला पडलेली भोके त्याचीच आहेत. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी आली, तर झाकणे घट्ट आहेत हे पाहून कोमट पाण्यात खायचा सोडा कालवावा आणि जुन्या ब्रशने धुवावे. फसफसणे थांबले, की पुसून व्हॅसलीन लावावे. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, हा बाबांचा समज मात्र जुन्या काळातल्या खोक्यांचा आहे. फळी राहू द्या, पण मुंग्या आणि ओल यांच्यासाठी.

आई, बॅटऱ्यांची पूजा जरूर कर, हळदकुंकू वाहा, झेंडू वाहा. पण निरांजन आणि उदबत्ती जिन्याखाली नेऊ नकोस. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि बंद जागेत हवेत तो चार टक्के झाला, की ठिणगी पुरते. यंदा तू ओवाळत असताना माझ्या पोटात गोळा आला होता. वरच्या बाजूला एक जाळीची खिडकी पाडून घेऊ, हा वायू वर चढतो. आणि वाकून पाणी घालताना मंगळसूत्र पदरात खोचत जा. दोन टर्मिनलांना सोने एकदम टेकले, तर ते क्षणात लाल होईल. बाबांनीही अंगठी काढून ठेवावी आणि चष्मा लावूनच झाकण उघडावे. डोळ्यांत थेंब गेलाच तर पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन मग दवाखाना गाठावा.

इन्व्हर्टर २१ व्होल्टला बंद होतो. तोवर बॅटरी पार रिकामी झालेली असते. नव्या बसवल्यावर मी तो आकडा २३ च्या आसपास नेणार आहे, तेव्हा दिवे आधी गेले म्हणून बिघाड समजू नये. हायड्रोमीटर महिन्यातून एकदा, संकष्टीच्या दिवशी लावावा म्हणजे विसरणार नाही. बाराही आकडे लिहावेत, आणि आईने घातलेले पाणीही डावी-उजवी वेगवेगळे लिहावे.

मी १८ तारखेला, शनिवारी, टेम्पोने बॅटऱ्या घेऊन येते. एकेकीचे वजन साठ किलोच्या वर आहे, तेव्हा बाबांनी हात लावू नये. वाडीतल्या दोघांना सांगून ठेवावे. जुन्या दोन्ही दुकानदार परत घेऊन किमतीत वजा करतो. भंगारवाला जास्त देतो म्हणाला तरी देऊ नका, तो आम्ल आपल्याच व्हाळात ओतेल. तोवर रात्री एकच पंखा चालवा.

आपली,
थोरली

ता. क. डावीची झाकणे खरोखरच घट्ट आहेत, मी दोनदा पाहिली.