मॅडमकडे माहिती मागू नका, त्यांच्याशेजारी येऊन बसा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

झेडपीच्या पोरांना वाचता येत नाही ही बातमी दरवर्षी येते आणि आली की सगळे गुरुजी लोकांवर तुटून पडतात. मी सिन्नर तालुक्यातल्या एका वस्तीशाळेची पालक आहे, शाळा व्यवस्थापन समितीत पण आहे, तांदळाचं वजन करायला, पोषण आहाराची वही बघायला आठवड्यातून दोनदा तरी शाळेत जाते, म्हणून जे डोळ्यांनी बघितलं तेच लिहितेय.

आमच्याकडे पहिली ते चौथी, 41 पोरं, शिक्षक दोन, एक सर आणि एक मॅडम. कायद्याने 60 पोरांपर्यंत दोनच मिळतात, म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. सर बीएलओ, म्हणजे निवडणुकीचे मतदान केंद्र अधिकारी पण आहेत, मतदार यादीचं काम निघालं की दुपारनंतर ते वस्त्यांवर फिरतात आणि मग चारही वर्ग मॅडमकडे.

माझ्या जावेचा मुलगा तिसरीत आहे. पुस्तकात विहिरीचं चित्र आणि खाली लिहिलेलं "पाणी". हा बोट ठेवून मोठ्याने वाचतो "विहीर". दुसरीचं सगळं वर्ष आम्हाला वाटत होतं की पोरगं छान वाचतंय, कारण चित्र बघून तो काहीतरी जवळपासचं बोलायचाच. त्या दिवशी मॅडम त्याच्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि चित्रावर तळहात ठेवला. पोरगं गप्पच झालं. मग हळू आवाजात "प... काना पा..." आणि पुढे काय ते येईना. हे कळायला मॅडमना पंधरा मिनिटं लागली आणि त्या पंधरा मिनिटांत फोन चार वेळा वाजला, ग्रुपवर मेसेज, "अतितात्काळ, आज 12 वाजेपर्यंत माहिती सादर करावी". माहिती कसली तर अपार आयडी, म्हणजे प्रत्येक पोराचा शिक्षणाचा ओळख क्रमांक, किती झाले, किती राहिले. आता आधारवर आडनावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं की ते आयडी अडतं, मग पालकांना फोन करा, त्यांना तालुक्याला पाठवा, पालक कांद्याच्या शेतात, फोन लागत नाही. शेवटी मॅडम उठल्या. पोरगं तिथेच, बोट पुस्तकावर तसंच.

मला सांगा यात मॅडमचं काय चुकलं?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 स्पष्ट सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शाळेबाहेरचं काम लावायचं नाही. पण ही जी रोजची माहिती आहे ना, ती यातून निसटते, कारण ती "शाळेचंच काम" धरली जाते. यूडायस म्हणजे शाळेची ऑनलाईन माहिती, शालार्थ म्हणजे पगाराची, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्ती, बँक खाती, झाडं लावल्याचे फोटो. एकेक काम छोटंच वाटतं पण सगळी मिळून सकाळ खातात, आणि लहान पोरं शिकतात ती सकाळीच, जेवणानंतर त्यांच्या डोळ्यांवर झोप असते. आम्ही समितीत ठरवलं होतं की गावातल्या दोन पदवीधर पोरांनी शनिवारी येऊन ऑनलाईनचं काम करायचं, आलीही बिचारी, पण लॉगिन शिक्षकांचं आणि ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर, त्यामुळे वह्या लिहिण्यापलीकडे काही करता आलं नाही.

आता मदत म्हणजे काय ते सांगते, कारण ती मी एकदाच बघितली. आमच्या केंद्राचे, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाचे, केंद्रप्रमुख साहेब एक दिवस आले. सहसा भेट म्हणजे हजेरी, दप्तर, सही, चहा. त्या दिवशी साहेब खुर्चीवर बसलेच नाहीत, सतरंजीवर पोरांत बसले आणि तासभर नुसतं बघत राहिले. आमच्या पोराला म्हणाले बाराखडी म्हण. त्याने चालीवर "क का कि की" धडाधड म्हणून दाखवली. मग साहेबांनी पाटीवर नुसतं "की" लिहिलं आणि विचारलं हे काय, तर पोरगं परत मनात पहिल्यापासून चाल म्हणायला लागलं, ओठ हलत होते त्याचे. साहेब मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले, याला चाल पाठ आहे, चिन्हं ओळखू येत नाहीत, सगळी बाराखडी सोडा, सहा-सात अक्षरं घ्या, काना आणि दुसरी वेलांटी एवढंच घ्या, आणि लगेच त्याचे शब्द करा, त्याच्या घरातले. क म ल ह ग द त. काकी, मामी, माती, गादी. मॅडमना राग आला नाही, उलट चेहरा मोकळा झाला. नंतर मला म्हणाल्या, ताई, इतक्या वर्षांत माझ्या वर्गात बसून माझ्यासोबत पोराकडे बघणारं कुणी आलं नव्हतं.

दीड महिन्याने कांदा विकून आल्यावर माझ्या दिराने बाजाराची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, ओट्यावर ठेवली होती. पोराने ती उचलली आणि "काकू, हे बघ, ह-मा-ली, हमाली!" खालच्या ओळीत तोलाई होतं तिथे अडला. पण अंदाज मारला नाही. म्हणाला, हे मॅडमनी अजून शिकवलं नाही. जाऊ रडायलाच लागली.

केंद्रप्रमुख हे पद 1994 ला आपल्या राज्यात काढलं ते याच कामासाठी, साधारण दहा शाळांमागे एक जाणता माणूस, जो वर्गात जाईल आणि शिक्षकाला अडलेलं सोडवून देईल. आज तेच बिचारे माहिती गोळा करणारे झालेत, वरून मागतात, खालून घेतात. दर महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद असते, तिथेही निम्मा वेळ सूचना. तिथे प्रत्येक शिक्षकाने आपल्या एका अडलेल्या पोराची वही आणली आणि सगळ्यांनी मिळून त्यावर डोकं लावलं तर किती काम होईल! सरकारचं निपुण भारत अभियान 2021 ला सुरू झालं, 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक पोराला वाचता आणि हिशेब करता यायला हवा असं ठरलंय. ध्येय मला मनापासून मान्य आहे. पण पोस्टर आणि पाच दिवसांचं प्रशिक्षण देऊन झाल्यावर वर्गात परत कुणी बघायला जात नसेल तर ते होणार कसं?

काम न करणारे शिक्षक पण असतात, आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत आहेत, मी त्यांची बाजू घेत नाही. पण त्यांच्यामुळे काम करणाऱ्या मॅडमचा वेळ का खाता.

माझी मागणी एवढीच की प्रत्येक केंद्राला ऑनलाईन कामासाठी एक वेगळा माणूस द्या, शाळेच्या वेळेत माहितीचे मेसेज बंद करा आणि केंद्रप्रमुखांची रिकामी पदं भरून त्यांना वर्गात बसू द्या. तुमच्या पेपरने हे लावून धरावं ही हात जोडून विनंती.

त्या दिवशी आले होते त्या साहेबांची बदली झाली. आता दुसऱ्या केंद्राच्या साहेबांकडे आमचा जादा चार्ज आहे, ते अजून आलेले नाहीत. मॅडमनी पहिलीतल्या दोन पोरींच्या वह्या त्यांना दाखवायला म्हणून कपाटात वेगळ्या काढून ठेवल्यात.

आपली,
एक पालक
ता. सिन्नर, जि. नाशिक