गाईड म्हणजे नुसता होडी चालवणारा नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात रविवारच्या पुरवणीत बेटांवरच्या सहलींचा लेख आला होता, त्यात शेवटी चार ओळीत लिहिलं होतं की आता तिकडं उथळ समुद्रात गाईडसोबत फ्लाय फिशिंग पण करता येतं, हौशी लोकांनी जरूर जावं. जावंच, मी नको म्हणतच नाही. पण मी स्वतः पैसे भरून जाऊन आलोय आणि त्या "गाईडसोबत" ह्या शब्दाबद्दल मला बोलायचंय, कारण सगळा घोळ तिथंच होतो, आणि आमच्या ओळखीतली अजून दोन घरं यंदा निघालीत असं कळलं म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी पॉवरलूमवर जॉबर (माग दुरुस्त करून चालते ठेवणारा) होतो, आता रिटायर. माशाचा नाद लहानपणापासूनचा, हिप्परग्याच्या तलावावर बांबूची काठी, डब्यात गांडूळं, आणि फडक्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी, सकाळी गेलं की दिवस मावळेपर्यंत तिथंच. फ्लायचं वेड पुतण्यानं लावलं, पुण्याहून तो रॉड घेऊन आला नऊ फुटाचा आणि तलावाच्या काठावर मला कास्ट करायला, म्हणजे दोरी फेकायला शिकवलं, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, साध्या गळाला आपण शिसं लावतो आणि त्याच्या वजनानं गळ लांब जातो. फ्लायला तसं वजनच नसतं, गळावर पिसं नि केस गुंडाळून केलेली बोटाच्या पेराएवढी खोटी कोळंबी नाहीतर खेकडा असतो तो, म्हणून वजन असतं दोरीत. ती जाड दोरी हवेत मागं फेकायची, पूर्ण उलगडू द्यायची, आणि मग पुढं. उलगडायच्या आत हात पुढं आणला की गुंता झालाच. मला हे लवकर जमलं कारण जन्मभर मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा धोटा बघितलाय, धोटा पलीकडं पोचल्याशिवाय पुढचं काही करायचं नसतं हे अंगातच आहे.

आता ज्याला फ्लॅट म्हणतात ते काय, तर प्रवाळाच्या रांगेच्या आतलं उथळ पाणी, घोट्यापासून मांडीपर्यंत, खाली पांढरी वाळू आणि मध्ये मध्ये समुद्री गवताचे पट्टे. ओहोटीला मासे तिथून खोल पाण्यात निघून जातात आणि भरती चढायला लागली की वाळूतले खेकडे-कोळंब्या खायला परत वर येतात. बहामा, बेलीझ, क्यूबा तिकडं बोनफिश, परमिट, टार्पन ह्या माशांसाठी जगभरातून लोक येतात, आपल्या हिंदी महासागरात सेशेल्सच्या बेटांवर जायंट ट्रेवलीसाठी. बोनफिशचे खवले आरशासारखे असतात, खालची वाळूच त्याच्या अंगावर दिसते, म्हणजे मासा समोर असून दिसत नाही, दिसते ती त्याची सावली, नाहीतर तो डोकं खाली घालून वाळू उकरायला लागला की पाण्याबाहेर आलेलं शेपटीचं टोक. तलावावर आपण गळ टाकून बसतो, मासा येईल तेव्हा येईल. इथं तसं नाही, इथं आधी मासा दिसला पाहिजे, मगच फेकायचं, आणि तो उन्हानं चकाकणाऱ्या पाण्यात नवख्याला दिसत नाही म्हणजे नाहीच, पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराईज्ड गॉगल असला तरी. म्हणूनच गाईड लागतो.

तिकडची पद्धत अशी आहे की होडी अगदी वीतभर पाण्यात चालणारी असते, इंजिन बंद करून वर घेतात, त्याच्यावर एक उंच फळी असते आणि गाईड त्या फळीवर उभा राहून वीसेक फुटाच्या बांबूसारख्या काठीनं होडी आवाज न करता ढकलतो. पुढं टोकाला आपण. होडीचं टोक म्हणजे घड्याळाचे बारा, मग तो मागून सांगतो "दोन वाजता, चाळीस फूट, डावीकडं चाललाय", आपण तिकडं फेकायचं. दिवसभर उन्हात उभं राहून काठी मारणं, वाऱ्याचा अंदाज, भरतीचा अंदाज, मासा कुठल्या बाजूनं येणार आणि त्याच्या नाकापुढं किती फुटावर फ्लाय पडली पाहिजे, हे सगळं त्या एका माणसाच्या डोक्यात असतं. पुतण्या मला ह्याचे व्हिडिओ दाखवायचा तेव्हाच मी म्हणलो होतो, ह्यात रॉड धरणाऱ्याचं काम निम्मंच आहे.

तर आम्ही तिघांनी भिशीचे पैसे घालून लक्षद्वीपच्या एका बेटाची ट्रिप घेतली, माणशी 60 हजार आणि प्रवास वेगळा. ज्यांच्याकडून घेतली त्यांचं नाव लिहीत नाही, भांडायला हे पत्र नाही. परवाना त्यांनीच काढला (तिथं जायला परवाना लागतो, नुसतं तिकीट काढून चालत नाही), आम्ही कन्याकुमारी एक्सप्रेसनं एर्नाकुलम गाठलं आणि पुढं कोचीहून विमान. छापील कागदावर स्वच्छ लिहिलेलं, "अनुभवी गाईडसह फ्लाय फिशिंग, तीन दिवस, सकाळी 10 ते 1". आता ज्याला समुद्र माहीत आहे त्याच्या हे वाचल्याबरोबर लक्षात येईल, आमच्या नाही आलं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते, तिला दहा वाजले काय नि नाश्ता झाला काय. पहिल्या दिवशी आम्ही दहाला पोचलो तर ओहोटी लागलेली, पाणी झपाझप उतरत होतं. गाईड म्हणून जो पोरगा दिला होता तो बेटावरचा नव्हताच, रिसॉर्टमध्ये सीझनपुरता कामाला आलेला, पोरगा चांगला होता, गरीब होता, पण फ्लाय रॉड त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आमच्याच हातात बघितला. त्यानं इंजिन चालू ठेवून होडी थेट उथळात घातली, खालून खरवडल्याचा आवाज आला, आणि आम्हाला म्हणाला उतरा, इथं चाला. आम्ही उतरलो तर पायाखाली कडकड वाजायला लागलं. बघतो तर प्रवाळ. पंजाएवढी फांदी मोडून माझ्या बुटाशी पडली होती, मोडल्या जागी आतून पांढरी. 1998, 2010 आणि 2016 मध्ये पाणी तापून तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणात मेलंय, जे उरलंय आणि जे नव्यानं येतंय त्याच्यावर आम्ही सोलापूरहून जाऊन बूट ठेवले. शिवाय ते वन्यजीव कायद्यात वाघाच्याच यादीत आहे हे मला परत आल्यावर कळलं. त्या दिवशी मासा नाही लागला ह्याचं मला काही वाटलं नाही, ते त्या फांदीचं अजून वाटतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर बसलो होतो तर एक म्हातारे काका जाळं दुरुस्त करत होते. त्यांना मल्याळम, आम्हाला मराठी, त्यांच्या मुलाला तोडकी मोडकी हिंदी. पुतण्यानं मोबाईलवर ट्रिगरफिश नावाच्या माशाचा फोटो दाखवला तर ते हसले आणि वाळूवर बोटानं बेट काढलं, त्याच्या आतला लगून, म्हणजे प्रवाळानं वेढलेलं उथळ पाणी, काढला आणि एका ठिकाणी बोट दाबलं. मग सूर्य किती वर असताना यायचं ते हातानं दाखवलं. नंतर त्यांच्या मुलानं सांगितलं की ते जन्मभर ट्यूनाला जायचे, तिथं ट्यूना जाळ्यानं नाही, काठी-गळानं एकेक धरतात आणि त्याला लागणारे बारीक जिवंत मासे आधी लगूनमधून गोळा करावे लागतात. म्हणजे त्या उथळ पाण्याचा वावभर तुकडा सुद्धा त्यांना आपल्या परड्यासारखा पाठ.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाश्ता सोडला आणि पावणेसातला त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी इंजिन खूप लांब बंद केलं. वाळूच्या पट्ट्यावर उतरवलं, प्रवाळ कुठून सुरू होतं ते दाखवलं आणि त्याच्या पलीकडं पाय टाकायचा नाही म्हणून सांगितलं. चालताना पाऊल उचलायचं नाही, वाळूवर घासत न्यायचं, कारण वाळूत पाकट मासा बसलेला असतो, त्याच्यावर पाय पडला तर तो शेपटीचा काटा मारतो, पाय घासत आला की आपणहून निघून जातो. असं दहा मिनिटं गेलो आणि काका थांबले. हात नाही केला, नुसती हनुवटी पुढं केली. मला काही दिसेना. पाणी, ऊन, पाणी. मग पुतण्या मला म्हणाला तिथं बघा, आणि एकदम दिसलं, गुडघाभर पाण्यात पिवळट शेपटी, हाताच्या पंज्याएवढी, वर येऊन लडबडायची नि परत आत जायची, खाली डोकं घालून खेकडा शोधत होता तो ट्रिगरफिश. माझे हात कापायला लागले होते. दुसऱ्या कास्टला फ्लाय बरोबर पडली, तो वळला, मागं आला, दोरी जड झाली, आणि मी काय केलं तर हिप्परग्याची सवय, रॉड वर उचलला. फ्लाय त्याच्या तोंडातून निघून आली. समुद्रात रॉड वर करायचा नसतो, रॉड खालीच ठेवून डाव्या हातानं दोरी सरळ मागं ओढायची असते, मग गळ बसतो. पुतण्यानं शंभरदा सांगितलं होतं, पण पन्नास वर्षांची सवय त्या एका सेकंदात जात नाही. काकांनी माझा डावा हात धरला आणि तीन-चार वेळा ओढून दाखवलं, एक शब्द न बोलता.

त्याच सकाळी पुढं मला एक निळ्या परांचा ट्रेवली लागला, दीड-दोन किलोचा असेल, त्यानं रीळ असं पळवलं की बोट भाजलं. हात ओला करून, पाण्याबाहेर न काढता, दाढ (उलटं टोक) नसलेला गळ होता तो अलगद सोडवला आणि डोकं प्रवाहाकडं करून धरून ठेवला, त्याची शेपटी जोरात हलायला लागली तेव्हाच सोडला. थकलेला मासा घाईनं सोडला की बाजूला टपून असलेला शार्क त्याला उचलतो, मग सोडून उपयोग काय.

काकांना आम्ही आमच्या खुशीनं पैसे दिले. पण आमच्या 180 हजारातून त्यांना कायद्यानं, हक्कानं एक रुपया जात नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे.

बाहेर हे असं चालत नाही. बेलीझनं 2009 मध्ये बोनफिश, परमिट आणि टार्पन हे तिन्ही मासे धरून सोडायचेच असा कायदा केला, फ्लोरिडात बोनफिशला 2013 पासून तसंच. बहामात बोनफिशला जाळं लावायला बंदी, विकायला-विकत घ्यायला बंदी, आणि 2017 पासून बाहेरच्या माणसाला फ्लॅटवर मासेमारीला लायसन्स लागतं. हे का जमलं, तर तिथल्या मच्छीमारांच्या घरातलेच लोक गाईड झाले, मासा जिवंत राहिला तरच आपली चूल पेटते हे त्यांना वरून कोणी शिकवावं लागलं नाही. बहामातल्या अँड्रॉस बेटावर चार्ली स्मिथ नावाचे गाईड होते, बोनफिशसाठी जगभर वापरली जाते त्या एका फ्लायचं नाव "क्रेझी चार्ली" हे त्यांच्याच नावावरून. गाईडला तिकडं एवढा मान आहे.

आणि बहामाचं कशाला, उजनीचं घ्या की. 1980 साली धरण झालं, माणसं उठली, पुढं पाणलोटात मच्छीमारी वाढली. आज भिगवणजवळ कुंभारगावला जाऊन बघा, रोहित पक्षी दाखवायला होड्या घेऊन जातात ते तिथलेच मच्छीमार, पक्ष्याच्या किती जवळ गेलं की तो उडतो हे त्यांना बरोबर माहीत, इंजिन कुठं बंद करायचं हे पण. हे त्यांनी स्वतः उभं केलंय. उजनीत बोनफिश नाही, गोड्या पाण्याचं आणि खाऱ्या पाण्याचं मी मिसळत नाही, पण मरळ, कटला, वाम कुठं असतो हे सांगणारी तशीच नजर तिथं प्रत्येक वस्तीत आहे आणि तिथली पोरं आज बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यानं बोटभर पिल्लं काढून किलोवर विकतात, कारण दुसरं काही कोणी विचारतच नाही. पुण्याहून रॉड घेऊन येणारे हौशी लोक आता दिसायला लागलेत. त्यांच्याबरोबर दिवसभर जाणाऱ्या पोराला त्या पिल्लांपेक्षा जास्त पैसे मिळाले तर तो जाळं आपोआप कमी टाकेल असं मला मनापासून वाटतं.

म्हणून लक्षद्वीप असो, अंदमान असो की उद्या आपल्या मालवणकडं कोणी हे सुरू करो, गाईड म्हणून नाव लावायचं तर तो तिथलाच मच्छीमार पाहिजे, त्याला फ्लायचं नि मासा सोडायचं रीतसर शिक्षण देऊन सरकारनं ओळखपत्र द्यावं, आणि पावतीवर त्याची रक्कम वेगळी छापावी. बाहेरचा पोरगा होडी चालवू दे, त्याच्या पोटावर पाय नाही द्यायचा, पण त्याला गाईड म्हणून विकू नये.

यंदा जे निघालेत त्यांनी बुकिंगच्या आधी फोनवर एवढंच विचारावं की आमच्या तारखांना भरती किती वाजता आहे. समोरचा "दहा ते एक" म्हणाला तर फोन ठेवावा. आणि गाईडचं गाव कुठलं ते विचारावं. आम्ही फेब्रुवारीत परत चाललोय, ह्या वेळी काकांच्या मुलाशी आधीच बोलणं झालंय, त्यानं पौर्णिमेनंतरचे चार दिवस सांगितलेत. तुमच्या पुरवणीच्या लेखकांना यायचं असेल तर एक जागा आहे, होडीत नाश्त्याला कडक भाकरी आमच्याकडून.

आपला जुना वाचक,
अशोक चौक, सोलापूर